सभासदत्वाचा फॉर्म म्हणजे कायद्याचे संरक्षण नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपले वृत्तपत्र अमेरिकेतील अनेक मराठी घरांत रोज मोबाइलवर वाचले जाते, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. आयावास्काचा काढा, पेयोटी हे निवडुंग किंवा सायलोसायबिन असलेली अळंबी असे भास घडवणारे पदार्थ धार्मिक विधी म्हणून सेवन करणाऱ्या आणि स्वतःला 'खासगी धार्मिक संघटना' म्हणवणाऱ्या मंडळ्या येथे गेल्या काही वर्षांत बऱ्याच निघाल्या आहेत. 'आमचे सभासद व्हा, मग कायद्याची भीती नाही' असे त्यांतल्या काही उघडपणे सांगतात. हे सांगणे चुकीचे आहे, आणि त्याची किंमत आपल्या मुलामुलींना इतरांपेक्षा अधिक मोजावी लागू शकते.

मी तीस वर्षे ॲरिझोनात फार्मासिस्ट म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. वकिलीची पदवी माझ्याकडे नाही. पण नियंत्रित औषधांचे कायदे आमच्या कामात रोज हाताळावे लागतात, आणि या प्रश्नावरील मुख्य निकालपत्रे मी गेल्या काही महिन्यांत मुळातून वाचली आहेत. ती वाचण्याची वेळ आली ती माझ्या भाचीमुळे. तिच्या परवानगीने थोडे लिहिते.

तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला वारली. व्हिसाच्या अडचणीमुळे भाचीला वेळेवर पोचता आले नाही, अंत्यदर्शनही झाले नाही. ती येथे एच-1बी व्हिसावर नोकरी करते. तेव्हापासून तिची झोप गेली आणि डॉक्टरांनी तिला सर्ट्रालीन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. एका मैत्रिणीने तिला अशाच एका संघटनेचे नाव सुचवले. तीन रात्रींचा 'समारंभ' होता आणि आगाऊ रक्कम भरून झाली होती. सही करण्यापूर्वी, 'मावशी, तू एकदा बघ', म्हणून तिने तो फॉर्म माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला.

अकरा पानांचा फॉर्म होता. अमेरिकी राज्यघटनेची पहिली आणि चौदावी दुरुस्ती, करकायद्याचे 508 कलम, धर्मस्वातंत्र्याचा 1993 चा कायदा, असे सारे त्यात होते. सभासद 'खासगी क्षेत्रात' प्रवेश करत असून तेथे संघराज्याचे किंवा राज्याचे अधिकारक्षेत्र चालत नाही, हे आपल्याला मान्य असल्याची सही पाच ठिकाणी करायची होती. काही झाल्यास दावा करणार नाही, हेही होते. अकरा पानांत नव्हती ती एकच गोष्ट: तुम्ही सध्या कोणती औषधे घेता, हा प्रश्न. भाचीने आपणहून फोनवर विचारले तेव्हा 'गोळी दोन दिवस आधी बंद करा' असे उत्तर मिळाले होते.

आयावास्का दोन वनस्पतींपासून करतात. एकीच्या पानांत डीएमटी हे द्रव्य असते. ते नुसते पोटात गेले तर आतड्यातील आणि यकृतातील एक विकर (एन्झाइम) ते नष्ट करते आणि काही परिणाम होत नाही. दुसरी वनस्पती म्हणजे वेल. तिच्यातील द्रव्ये त्या विकराला अडवतात, आणि म्हणूनच काढा काम करतो. आता ज्या माणसाच्या शरीरात आधीच सर्ट्रालीन आहे, त्याच्या बाबतीत हेच अडवणे घातक ठरू शकते. सेरोटोनिन हे शरीरातील रसायन वाढत जाऊन ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा, झटके आणि प्रसंगी मृत्यू, इथपर्यंत मजल जाते. सर्ट्रालीन आणि त्या विकराला अडवणारे औषध यांच्यामध्ये किमान चौदा दिवसांचे अंतर ठेवावे, फ्लुऑक्सेटीन असेल तर पाच आठवड्यांचे, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. शिवाय अशी गोळी एकाएकी बंद करणे हाच वेगळा धोका आहे. ज्यांनी कायद्याची अकरा पाने छापली त्यांना ही एक ओळ छापावीशी वाटली नाही, याचा मला आजही संताप येतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. वनस्पतीला प्रसाद मानून तिचे विधिवत सेवन करणाऱ्या पंथांविषयी माझ्या मनात अनादर नाही. उलट या देशात त्यांना जे संरक्षण मिळाले आहे ते रास्त आहे, असे माझे मत आहे. ते मिळवताना त्यांनी जे सोसले ते कळल्यावर या 'खासगी' फॉर्मचा पोकळपणा अधिक जाणवतो.

पेयोटीचा विधी येथील मूळ रहिवाशांचा आहे. टिपी नावाच्या तंबूमध्ये रात्रभर अग्नीभोवती बसून पाण्याचा ढोल आणि तुंब्याचा खुळखुळा यांच्या साथीने प्रार्थना चालते, पहाटे पाणी आत आणले जाते आणि मग सगळे मिळून जेवतात. सरकार आणि मिशनरी हा विधी बंद पाडायला निघाले, तेव्हा त्याच्या रक्षणासाठी 1918 मध्ये ओक्लाहोमात नेटिव्ह अमेरिकन चर्चची रीतसर नोंदणी करण्यात आली. तरीही पुढे ओरेगॉनमध्ये ॲल्फ्रेड स्मिथ आणि गेलन ब्लॅक या व्यसनमुक्ती केंद्रातील दोघा समुपदेशकांना, चर्चच्या विधीत पेयोटी घेतल्यामुळे, कामावरून काढले गेले आणि 'गैरवर्तणूक' म्हणून बेकारी भत्ताही नाकारला गेला. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सर्वांना सारखा लागू असणारा कायदा एखाद्याच्या धर्माआड आला, तरी केवळ तेवढ्यावरून त्याला सूट मागता येणार नाही, हे त्या निकालाचे सार होते. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलेल्या या निकालाने उजवे आणि डावे, ख्रिस्ती आणि ज्यू, सगळेच हादरले, आणि 1993 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापनेचा कायदा केला. सिनेटमध्ये तो 97 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाला. एखाद्याच्या प्रामाणिक धर्माचरणावर सरकार मोठा अडथळा आणत असेल, तर त्यामागे अत्यंत निकडीचे सार्वजनिक हित आहे आणि याहून कमी जाचक मार्ग उपलब्ध नाही, हे सरकारने सिद्ध करावे, असे तो सांगतो. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, मूळ रहिवाशांच्या पारंपरिक विधीतील पेयोटीला वेगळ्या कायद्याने स्पष्ट मान्यता मिळाली आणि ती राज्यांवरही बंधनकारक आहे.

या 1993 च्या कायद्यावरच आयावास्काचा महत्त्वाचा खटला उभा राहिला. ब्राझीलमध्ये 1961 साली स्थापन झालेल्या उनियाओ दो वेजेताल या पंथाची एक छोटी शाखा न्यू मेक्सिकोत होती. साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे 130 माणसे. मे 1999 मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या काढ्याची तीन पिंपे जप्त केली. पंथ न्यायालयात गेला आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठही न्यायमूर्तींच्या एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल, म्हणून कोणालाच नको, हा सरकारचा युक्तिवाद मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी फेटाळला. असा पवित्रा नोकरशाही पूर्वापार घेत आली आहे, असे त्यांनी बजावले.

'सर्वोच्च न्यायालयाने आयावास्काला परवानगी दिली' असे ज्या निकालाचा दाखला देऊन सांगितले जाते, तो हाच. परंतु निकाल वाचला की दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की पंथाची श्रद्धा प्रामाणिक आहे हे सरकारनेही मान्य केले होते आणि वाद त्यापुढचा होता. दुसरी मला फार मोलाची वाटते. न्यायालयीन आदेशानुसार पंथाने काढा सरकारी परवान्यानेच आयात करायचा, त्याचा ताबा पंथातील अधिकारी व्यक्तींकडेच ठेवायचा आणि ज्यांना त्यापासून विशेष अपाय होऊ शकतो अशा सभासदांना धोक्याची पूर्वसूचना द्यायची, अशा अटी होत्या. म्हणजे माझ्या भाचीच्या फॉर्ममध्ये जी ओळ नव्हती, ती खऱ्या पंथाच्या बाबतीत न्यायालयाने आदेशातच घातली होती. 2009 मध्ये ओरेगॉनमधील ॲशलंडच्या, आयावास्काच घेणाऱ्या, सांतो दाइमे पंथाला न्यायालयात यश मिळाले. माझ्याच शहरातील, फीनिक्सच्या, चर्च ऑफ द ईगल अँड द काँडॉरने 2022 मध्ये सरकारवर दावा लावला आणि 2024 मध्ये तडजोड होऊन त्यांना आपल्या आयावास्काच्या प्रसादाची मोकळीक मिळाली.

या साऱ्यांनी काय केले ते पाहावे. 'आम्ही खासगी आहोत, सरकारचा येथे संबंध नाही' असे यांतले कोणी म्हणाले नाही. ते चव्हाट्यावर आले. आपली श्रद्धा, आपला विधी, आपल्या पिंपांचा हिशेब त्यांनी न्यायासनासमोर ठेवला, वर्षानुवर्षे झगडले, आणि मग जे मिळाले ते त्या त्या पंथापुरते मिळाले. शेजारच्या गल्लीत दुसऱ्याने तसाच फलक लावला म्हणून तो निकाल त्याला लागू होत नाही. आपल्याकडे माळकरी कोणाला म्हणतात? माळ बाजारात कोठेही मिळते. पण जो वारी करतो, एकादशी पाळतो, दारू-मटणाला शिवत नाही, त्याची माळ लोक ओळखतात. सकाळी माळ घालून संध्याकाळी गुत्त्यावर बसणाऱ्याला कोणी माळकरी म्हणत नाही. श्रद्धेचा खरेपणा पाहताना येथील न्यायाधीशही जवळपास असेच पाहतात: पंथाला काही शिकवण आहे का, वर्षभराचे काही आचरण आहे का, की सारा व्यवहार त्या एका पदार्थाभोवतीच फिरतो आहे. 1996 मध्ये वायोमिंगमधील एका गृहस्थाने गांजाच्या फौजदारी खटल्यात 'हा माझा धर्म आहे' असा बचाव केला, तेव्हा ही निष्ठा असेल पण हा धर्म नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. हवाईतील, स्वतःला 'नेटिव्ह अमेरिकन चर्च' म्हणवणाऱ्या एका संस्थेने पेयोटी हाच आपला मुख्य प्रसाद असून गांजा त्याच्या जागी चालतो, असे सांगितले. मग गांजा बंद झाल्याने तुमच्या धर्माचे काय अडते, असा विचार करून अपील न्यायालयाने 2016 मध्ये त्यांचे म्हणणे नाकारले.

फॉर्ममधील इतर आधारांचे थोडक्यात सांगते. संघटना करण्याचा हक्क खरा आहे. 1958 मध्ये अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची सभासद-यादी मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती देण्यास भाग पाडू नये असे सांगितले. पण तो हक्क एकत्र येण्याचा आहे. एकत्र येऊन काय करावे त्याला फौजदारी कायदा लागू नाही, असे त्या निकालात कोठेही नाही. करकायद्याचे 508 कलम चर्चला करमाफीसाठी आगाऊ अर्ज करण्यातून मोकळे करते. त्याचा अमली पदार्थांशी काडीचा संबंध नाही. आणि 1993 चा तो कायदा राज्य सरकारांना लागू होत नाही, असे 1997 मध्येच ठरले आहे. काही राज्यांनी स्वतःचे तसे कायदे केले आहेत, काहींनी नाहीत. त्यामुळे संघराज्याकडून संरक्षण असलेल्या पंथालाही राज्याचा कायदा स्वतंत्रपणे पाहावा लागतो. अमली पदार्थांवर देखरेख करणाऱ्या डीईए या संघराज्याच्या खात्याकडे सवलतीचा अर्ज करण्याची सोयही आहे, पण अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात ही तक्रार रास्त आहे आणि ती सुधारायला हवी. मात्र अर्ज पडून आहे म्हणजे परवानगी मिळाली, असे नव्हे. फ्लोरिडातील आयावास्काच्या एका केंद्राला 2021 मध्ये ही सवलत नाकारली गेली. तेथे 2018 मध्ये एका शिबिरात आजारी पडून 22 वर्षांचा एक तरुण दगावला होता.

आता आपल्या लोकांविषयी. अमेरिकी नागरिकाला अशा प्रकरणात अटक झाली तर तो वकील करील, खटला लढवील, कदाचित सुटेल. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्याचे तसे नाही. अल्प प्रमाणात स्वतःपुरता गांजा बाळगल्याचा एक अपवाद सोडला, तर नियंत्रित पदार्थाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर काढण्यास पुरेसे कारण आहे. एवढेच नव्हे, तर खटला न होताही, अशा गुन्ह्याची पुरेशी कबुली अधिकाऱ्यासमोर दिली तर पुढे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. व्हिसासाठी भरायच्या डीएस-160 अर्जात नियंत्रित पदार्थांविषयीच्या कायद्याचा तुम्ही कधी भंग केला आहे का, असा सरळ प्रश्न असतो. पाच ठिकाणी सही केलेला अकरा पानांचा फॉर्म कोणाच्या तरी कपाटात पडून असताना या प्रश्नाचे उत्तर काय लिहायचे? ओरेगॉनने 2020 मध्ये आणि कोलोरॅडोने 2022 मध्ये मतदानाने सायलोसायबिनला वाट करून दिली, हे खरे. पण व्हिसा राज्य देत नाही, आणि संघराज्याच्या कायद्यात ते द्रव्य अजून पहिल्याच, सर्वांत कडक यादीत आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणी अमेरिकेतील निकालांचा हवाला देऊन असे शिबिर भरवू लागला, तर तो हवाला तेथे निरुपयोगी आहे. आपल्या राज्यघटनेचे 25 वे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. शिखांच्या कृपाणाला त्या कलमाच्या स्पष्टीकरणात नाव घेऊन स्थान दिले आहे. तसे कोणत्याही वनस्पतीला दिलेले नाही. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत डीएमटी, पेयोटीतील मेस्कॅलिन आणि सायलोसायबिन ही तिन्ही द्रव्ये आहेत. महाशिवरात्रीच्या भांगेचे उदाहरण हटकून दिले जाते. परंतु भांग त्या कायद्यातून सुटली ती धर्मासाठी नव्हे: गांजाच्या व्याख्येत झाडाचे शेंडे येतात, शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने आणि बिया येत नाहीत, म्हणून सुटली. सूट झाडाच्या भागाला आहे, विधीला नाही. आणि महाराष्ट्रात तर भांगेलाही 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवला म्हणून यात काही फरक पडत नाही. वेदांतील सोमाचा दाखलाही मी ऐकला आहे. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावरच अभ्यासकांचे एकमत नाही.

आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. पेयोटी हे बिनकाट्याचे, बोटभर उंचीचे निवडुंग दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिको एवढ्याच पट्ट्यात आपणहून उगवते आणि फार सावकाश वाढते. बाहेरच्यांची मागणी वाढली की ज्यांचा तो प्रसाद आहे त्यांनाच तो मिळेनासा होतो. म्हणून मूळ रहिवाशांच्या संस्थांनी टेक्सासमध्ये 605 एकर जमीन घेऊन त्याचे संवर्धन चालवले आहे, आणि वनस्पती-औषधांवरील बंदी उठवू पाहणाऱ्या चळवळींना 'पेयोटी तुमच्या यादीतून वगळा' अशी जाहीर विनंतीही केली आहे. कोलोरॅडोच्या कायद्यात ते वगळले गेले, हे चांगले झाले. शंभर वर्षे मार खाऊन ज्यांनी आपला विधी जपला, त्यांच्या नावाचे सभासदत्व कोणी शे-दोनशे डॉलरना विकत असेल तर ते मला अशोभनीय वाटते, आणि आपण भारतीयांनी तरी त्यात गिऱ्हाईक होऊ नये.

भाचीने त्या संघटनेला ईमेल करून दोन प्रश्न विचारले. आपल्या संघटनेचे नाव असलेला न्यायालयाचा आदेश किंवा डीईएचे पत्र दाखवता येईल का, आणि सर्ट्रालीन घेणाऱ्यांसाठी आपल्याकडे कोणती वैद्यकीय व्यवस्था आहे? चार दिवसांनी उत्तर आले. आगाऊ रक्कम परत मिळत नाही, हवी असल्यास पुढच्या समारंभासाठी वळती करता येईल, एवढेच त्यात होते. तिने ते पैसे सोडून दिले. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे, आणि या भाद्रपदात आईच्या श्राद्धाला साताऱ्याला जाता यावे म्हणून तिने कचेरीत रजेचा अर्ज दिला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त फार्मासिस्ट
फीनिक्स, ॲरिझोना